हसूनाचा जॅक

३ एप्रिल

वकीलबाईंनी सांगितलं होतं, रोज काय घडतं ते तारीख घालून लिहीत जा. ते लिहिते, पण ती वही वेगळी. ही वही वकीलबाईंना दाखवायची नाही.

आज वर्कशॉपचा मालक तिजानी घरी आला होता, सगळे मानाने त्याला सी तिजानी म्हणतात. दहा महिन्यांत पहिल्यांदा. कॉफीचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि आत न येता बोलला. त्याचा सामानघर सांभाळणारा माणूस इटलीला गेला. सुटे भाग, अवजारं, सगळं वाऱ्यावर आहे. "रेबह, तू लिहिती-वाचती आहेस. तुझे वडील मेकॅनिक होते. येशील का?"

माझा नवरा याच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरखाली चिरडून मेला. याने चौकशीच्या साहेबाला सांगितलं, उचललेला ट्रॅक्टर पेलायच्या लोखंडी घोड्या होत्या, हसूनाने घाईत लावल्याच नाहीत. साहेबाने तसंच लिहून घेतलं: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. तेव्हापासून विहिरीवर, भट्टीपाशी, लग्नात, जिथे जावं तिथे बायका हळहळतात. माणूस सोन्यासारखा होता गं, पण घाई नडली त्याला.

मी "येते" म्हणाले.

सासूबाईंनी ऐकलं. मन्नूबिया कधी आवाज चढवत नाही. कॉफीचा पुडा उचलला, बाहेर जाऊन गाढवापुढे टाकला आणि मला म्हणाली, "ज्याच्या दारात माझा पोरगा मेला, त्याचं दार तू उघडणार? आजपासून तुझं माझं बोलणं संपलं."

तिला कसं सांगू? मला त्याच्या जवळ जायचं आहे. हात पोचेल इतकं जवळ.

९ एप्रिल

सामानघर म्हणजे उकिरडा. तीन दिवस नुसता झाडू मारला. आज तळाच्या फळीवर, तेलकट गोणपाटात गुंडाळलेला लाल जॅक सापडला. मानेवर खोक होती.

बुरावी काका बाहेर चाकांच्या नटांना तेल लावत होते. चाळीस वर्षं याच कामात, बोलणं मोजकं. त्यांच्यापुढे जॅक ठेवला. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा नटाकडे वळले.

"तोच ना?"

"तोच. पोलिसांनी परत दिला."

"मग फेकला का नाही?"

"सी तिजानीला विचार, पोरी. मी दोनदा भंगारात टाकला. दोन्ही वेळा परत आत आला."

चिकट माणूस आहे. लोखंड फेकवत नाही त्याच्याने.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पेरणीयंत्राच्या एका टोकाखाली लाल जॅक लावला आणि चहा घेऊन समोर बसले. चहा संपेपर्यंत यंत्र अंगठ्याएवढं खाली आलं. मग एकदम, काही न होता, वीतभर. आवाजसुद्धा झाला नाही.

मी तो माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली गळ्यात घातली. हा दुसऱ्या कोणाच्या हाती लागता कामा नये.

१७ एप्रिल

घोड्या तपासल्या. चार आहेत, पिवळ्या, जाड पायांच्या. पायाशी लहानशी पत्र्याची पट्टी, त्यावर बनवल्याचा महिना आणि साल. सप्टेंबर, गेल्या वर्षीचा.

हसूना जूनच्या नऊ तारखेला गेला.

बोटाने ती पट्टी दहा वेळा पुसली. म्हणजे तो मेला तेव्हा या घोड्या तयारच झाल्या नव्हत्या, कारखान्यात पत्रा कापायचा होता.

बुरावी काकांना पट्टी दाखवली. हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "पोकळ विटा लावल्या होत्या. घराच्या भिंतीच्या असतात ना, तसल्या. जॅक बसला आणि विटा बिस्किटासारख्या फुटल्या."

"हे साहेबाला का नाही सांगितलंत?"

"साहेबाने विचारलं तेव्हा सी तिजानी माझ्या शेजारी उभा होता."

"आणि आता?"

"आता तू माझ्या समोर उभी आहेस. वकिलाकडे ने मला. सांगतो."

उद्या म्हटलं. पण नेणार नाही. कोर्ट काय देईल? कागद देईल. त्याच्या छातीवर वजन कोण देणार?

२८ एप्रिल

अभ्यास चालू आहे. ट्रॅक्टरची जुनी फ्रेंच पुस्तकं उघडली, काकांना रोज विचारते, "या कामात माणसं कशी मरतात?" त्यांना वाटतं मी दुःखाने विचारते.

ते सांगतात. उचललेला नांगर खाली टेकवला नाही, पाइप सुटला, पाय गेला. मागच्या फिरत्या दांड्यात सदऱ्याचं टोक अडकलं, माणूस कपड्यांसकट गुंडाळला गेला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं. गंजलेल्या रिमवर हवा भरली आणि कडी उडून कपाळात घुसली. गिअरमध्ये असताना जमिनीवर उभं राहून स्टार्टरला तार टेकवली, ट्रॅक्टर अंगावरून चालत गेला.

मी सगळं लिहून घेतलं. एका माणसाला मारायचं तर इतकं ठाऊक पाहिजे.

आज मात्र एक भलतंच झालं. नजीब हार्वेस्टरच्या तेलाच्या पाइपवर हात फिरवत गळती शोधत होता. इंजिन चालू. नजीब हसूनाचा दोस्त, तोंडाचा फटकळ, मला वहिनी म्हणतो. मी धावत जाऊन त्याचा हात झटकला.

"काय गं वहिनी! मारतेस काय?"

"सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तेल कातडीतून आत घुसतं. आधी काही वाटत नाही. तासाभराने हात सुजतो, मग कापावा लागतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"पुस्तकाने. पुठ्ठा धर."

पुठ्ठा धरला. पुठ्ठ्याला आरपार भोक पडलं. नजीब बराच वेळ भोकातून पलीकडे बघत बसला. नंतर दिवसभर त्याने एकही विनोद केला नाही.

६ मे

परवा नियम काढला. सामानघरातून जॅक एकटा बाहेर जाणार नाही. एका जॅकबरोबर दोन घोड्या आणि चाकाला चार ठोकळे. जॅकने उचलायचं, घोड्यांवर ठेवायचं, मगच खाली जायचं. सही केल्याशिवाय मिळणार नाही.

नजीब म्हणाला, "एक नवरा मागितला तर दोन सवती गळ्यात!"

"सवती भांडत नाहीत. घेऊन जा."

"आणि नाही नेल्या तर?"

"तर उघड्या हाताने ट्रॅक्टर उचल. मी बघत बसते."

सगळे हसले. पण नेल्या.

हे त्यांच्या प्रेमापोटी नाही, हे इथे लिहून ठेवते. माझ्या योजनेत दुसरा माणूस मरायला नको, एवढंच. दुसरा मेला तर माझ्यात आणि तिजानीत फरक काय राहिला?

तिजानी दारात उभा राहून ऐकत होता. वाटलं, आता ओरडेल, कामाचा खोळंबा होतो म्हणेल. तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी आणखी चार घोड्या आल्या. भीती बसली असेल चौकशीच्या साहेबाची.

१९ मे

एक मोठा जमीनदार त्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. मागचा दांडा फिरतोय, त्यावरचं झाकण कधीच तुटलंय, आणि हा लांब झग्यात दांड्यावरून पाय टाकून पलीकडे जायला निघालेला. मी इंजिन बंद केलं.

"ही बाई कोण?" त्याने तिजानीला विचारलं. "तुझं वर्कशॉप आता बायका चालवतात?"

तिजानी म्हणाला, "ती म्हणेल तसं. झाकण बसेपर्यंत तुमचा ट्रॅक्टर इथून हलणार नाही."

"हंगाम तोंडावर आलाय, आणि तू मला..."

"हंगाम दरवर्षी येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या जूनमध्ये कुठे होतं हे शहाणपण? माझ्या बाजूने बोलायचा याला काय अधिकार? त्या रागात जमीनदाराचं झाकण मीच बसवलं, तीन बोल्ट वाकडे केले.

घरी मन्नूबिया अजून बोलत नाही. माझं ताट मात्र झाकून ठेवते. आज ताटात भट्टीतली ताजी तबूना रोटी होती, तेलाचं बोट लावलेली. मी "आई" म्हटलं. ती उठून गेली.

२ जून

बार्ली कापून झाली, गहू उभा आहे. दिवसाला सहा-सहा यंत्रं येतात. माणसं कमी पडली की तिजानी स्वतः खाली शिरतो. पूर्वीचा मेकॅनिक आहे, हात अजून चालतो.

माझी तयारी झाली. इतर जॅक शेतावर गेलेले असतील तेव्हा मी लाल देणार. घोड्या मागितल्या तर त्याही शेतावर गेल्या म्हणणार, दोन मात्र टायरांच्या ढिगामागे सरकवून ठेवल्यात. तो माणूस वाट बघणारा नाही. विटा मागेल. विटाही आहेत, मीच आणून ठेवल्या. पोकळ.

कधी कधी शंका येते. हे हसूनाला आवडलं असतं का? मग आठवतं, त्याला आवडायला तो आहे कुठे?

१० जून

कालचं आज लिहितेय.

काल वर्ष पूर्ण झालं. सकाळी मन्नूबिया कबरीवर गेली, मी कामावर. आणि नशीबच धावून आलं. तिजानीने नजीबला सगळे जॅक देऊन दूरच्या शेतावर पाठवलं. बाकीच्या दोघांना दुसरीकडे. बुरावी काकांना म्हणाला, आज हसूनाचं वर्ष आहे, तुम्ही कबरीवर जाऊन या. साडेबाराला वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच.

त्याने तो जुना नारिंगी ट्रॅक्टर आत घेतला. हसूनावर पडला तोच. वर्षभर मागच्या शेडमध्ये उभा होता. नेमका कालच त्याला हा का सुचावा, मला कळलं नाही. मी विचार करत बसले नाही.

"जॅक दे, रेबह."

मी गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, लाल जॅक दिला.

त्याने तो हातात घेतला, जरा वजन घेतल्यासारखा धरला.

"घोड्या?"

"शेतावर गेल्या."

"बरं. विटा असतील."

"आहेत."

पुढचा एक्सल त्याने उचलला, दोन बाजूंना विटा रचल्या. आडवा झाला आणि पाठीवर सरकत आत गेला. छाती बरोबर एक्सलखाली. मी दारात उभी होते. वर्षभर ज्या चित्राकडे डोळे मिटून पाहिलं, ते उघड्या डोळ्यांपुढे होतं. पान्याचा आवाज येत होता. जॅकच्या मानेपाशी तेलाचा एक थेंब जमत होता.

मला फक्त एवढंच हवं होतं, की मरण्याआधी त्याला कळावं. म्हणून बोलले. दुसरं कारण नव्हतं.

"सी तिजानी, तो हसूनाचा जॅक आहे."

पान्याचा आवाज थांबला.

"माहीत आहे," तो खालून म्हणाला. "दोनदा भंगारातून मीच परत आणला."

"मग बाहेर या!"

"घोड्या टायरांमागे आहेत. इथून दिसतायत त्यांचे पाय." त्याचा आवाज अगदी शांत होता. "तू तुझ्या जागी बरोबर आहेस, रेबह. जेवायला जा. आलीस की सगळ्यांना बोलाव. म्हणावं, त्याचीच घाई नडली."

तेव्हा मला जे झालं ते कसं लिहू? एवढा संताप हसूना गेला त्या दिवशीही आला नव्हता. म्हणजे हाही ठरवूनच आला होता! मी वर्षभर उपाशीपोटी जो घास जपला, तो हा स्वतःच ताटात वाढून घेतोय. स्वतःच निवडलेली तारीख, स्वतःच निवडलेला ट्रॅक्टर. आणि मेल्यावर? तो बिचारा होणार. लोक जनाज्याला जमणार. आणि हसूना कागदावर निष्काळजीच राहणार, कायमचा, कारण सांगणारं तोंडच मातीत गेलेलं.

"सुटायला बघतोस?" मी ओरडले. "मरून सुटायला बघतोस, भेकडा?"

घोड्या ओढत आणल्या. एक डावीकडे घातली, खिळी वरच्या भोकात ठोकली. वीट पायाने उडवली. दुसरी उजवीकडे. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत एक्सलखाली होते, हे आता लिहिताना लक्षात येतंय. खिळी बसली, हात बाहेर आला, आणि जॅक बसला. आवाज न करता. एक्सल दोन बोटं खाली येऊन घोड्यांवर टेकला. त्याच्या सदऱ्याचं बटण लोखंडाला लागून टक्क वाजलं.

तो बाहेर येईना. पायाला धरून ओढला.

"ऐक," म्हटलं. "तू मरणार नाहीस. तू उभा राहून बोलशील. आधी त्याच्या आईपुढे, मग कोर्टात."

तो जमिनीवर बसून होता, तोंडाला ग्रीस लागलेलं. म्हणाला, "कोर्टात बोलेन. तुरुंगातही जाईन. त्या म्हातारीपुढे नको, रेबह. तिच्यापुढे नाही जमणार मला."

"म्हणूनच आधी तिच्यापुढे."

१२ जून

तो आला. मन्नूबिया अंगणात कुसकुससाठी रवा चाळत होती. त्याला बघून तिची चाळण थांबली नाही. तो उभ्यानेच बोलला.

"जॅक सकाळपासून बसत होता. हसूनाने मला दोनदा सांगितलं. म्हणाला, सी तिजानी, आज नको, उद्या दुसरा आणू. मी म्हटलं, विटा लाव आणि उरक. घोड्या नव्हत्या. एकही नव्हती. मी खोटं बोललो. त्याची चूक नव्हती."

चाळण थांबली.

मला वाटलं, ती त्याच्या तोंडावर थुंकेल. किंवा छाती बडवून घेईल. ती म्हणाली, "पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं.

मन्नूबिया उठली, पदराला हात पुसले, आणि त्याची बाही धरली. सत्तर वर्षांची बाई, त्याच्या खांद्याला कशीबशी लागते. ओढत त्याला शेजारच्या दाराशी नेलं. दार ठोठावलं.

"फजरिया, बाहेर ये. हा काय सांगतो ते ऐक." मग त्याला, "सांग."

त्याने सांगितलं. फजरियाच्या हातातून कांदा पडला.

मग पुढचं दार. मग त्यापुढचं. आमच्या आळीत सतरा दारं आहेत. एकही सोडलं नाही. ज्या बायका 'घाई नडली' म्हणाल्या होत्या, त्यांच्या दाराशी तिने त्याला दोनदा बोलायला लावलं. कोणी "राहू दे आता, मन्नूबिया, माणूस कोसळेल" म्हणालं, तर ती म्हणे, "कोसळला तर मी उचलते. सांग."

मी मागून चालत होते. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पण आठव्या दाराशी चढ लागला, तेव्हा न बघता दुसरा हात मागे केला. मी तो धरला.

सतराव्या दारानंतर तो भिंतीला टेकला. ओठ पांढरे पडले होते. म्हणाला, "आई, झालं?"

"मी तुझी आई नाही," ती म्हणाली. "उद्या खालची आळी. आणि मंगळवारी बाजार भरतो, तिथेही."

१४ जून

काल मी खालच्या आळीत गेले नाही. आज बुरावी काका आणि तिजानी वकीलबाईंबरोबर बेजा शहरात कोर्टात गेले. मला बोलावलं होतं, पण कामावर जावं लागलं. तीन हार्वेस्टर आले आहेत, कुलूप उघडायला दुसरं कोणी नाही, आणि या माणसांचा भरवसा नाही.

वकीलबाईंनी फोन करून सांगितलं, जबानी लिहून घेतली. चौकशी पुन्हा होईल. त्याला शिक्षा होईल बहुतेक. वर्कशॉपचं काय होईल, कोणास ठाऊक. मी विचारलं, "कागदावरचा तो शब्द?" त्या म्हणाल्या, जाईल, वेळ लागेल, पण जाईल.

माझ्या कानशिलांत वर्षभर वाजत असलेलं काहीतरी थांबेल असं वाटलं होतं. थांबलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. ते तारीख घालून लिहिते. तुरुंगातून सुटून आला तरी मी त्याला नमस्कार करणार नाही.

आज निघताना मन्नूबियाने डबा हातात दिला आणि तोंड उघडलं. दहा आठवड्यांनी पहिलं वाक्य: "केस नीट बांध. ते फिरणारं काय असतं तिथे, त्यात अडकतील."

बांधले.

दुपारी नजीब खिडकीशी आला. "वहिनी, आज तरी घरी जायचंस."

"आणि तू कशाच्या भरवशावर यंत्राखाली झोपणार? विटांच्या?"

तो हसला नाही. सही केली, जॅक घेतला, दोन घोड्या उचलल्या. बाहेरून हार्वेस्टरखाली शिरल्याचा आवाज आला.

मी उठून गेले आणि दोन्ही खिळ्या हलवून बघितल्या.